तळ्याकाठच्या बागेतला संडास

बंगळूरला नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वाट्याला गटारं आली. आमच्या खात्याकडे रस्ते, पूल, बागा सगळंच होतं, पण नव्या माणसाला पूल कोण देतो? मिरजेला आई लोकांना सांगायची, "मुलगा पाण्याच्या कामावर आहे." त्यात खोटं काही नव्हतं.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. बायको बंगळूरचीच, पण मराठी. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथंच राहिलं. त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. 'स्वल्प मीठ वाढा' म्हणायचे, निघताना 'सरी, येतो' म्हणायचे, सरी म्हणजे बरं, आणि तळ्याला तर केरे याखेरीज दुसरा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. वर्षभरात माझ्याही तोंडात ते सगळं बसलं आणि मग मिरजेचे लोक मला हसायला लागले.

आमचं बिऱ्हाड शहराच्या उत्तरेला, हेब्बाळच्या रस्त्यावर होतं. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक तळं होतं. पलीकडच्या काठाला परटांचे दगड, त्यापुढे भातशेती, आणि अलीकडच्या उतारावर आमच्या खात्यानं नुकतीच केलेली बाग. बाकं होती, गुलमोहर लावले होते, रविवारी भुईमुगाच्या शेंगा विकणारे येऊन बसत. बंगळूरची संध्याकाळची हवा तेव्हा अशी होती की घरात बसवत नसे.

बायकोला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज संध्याकाळी चालायला सांगितलं. आम्ही बागेत जाऊ लागलो. पण जरा टेकलं न टेकलं की ही म्हणायची, "चला, घरी जाऊ." मला वाटलं, दमत असेल. एकदा तळ्यावर फार सुरेख ऊन पडलं होतं, बगळे उतरत होते, आणि ही उठून उभी राहिली. मी जरा वैतागून म्हणालो, "आत्ता तर आलो आपण. एवढी कसली घाई?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, तुम्हा पुरुषांना ती झुडपं आहेत. आम्ही कुठं जायचं?"

मी पुन्हा बाकावर टेकलो. तीच पुढे म्हणाली, "बघा जरा बागेत. बायका दिसतायत का? येतात, मुलांना झोपाळ्यावर दोन झोके देतात आणि जातात. शेजारच्या अक्का इथं यायचं असलं की दुपारपासून पाणी पीत नाहीत. मला तर आता तेही जमत नाही."

मी पाहिलं. बाकांवर सगळे पुरुष होते. टोपीवाले, पगडीवाले, वर्तमानपत्रवाले. गेले कित्येक दिवस मी त्या बागेत येत होतो आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही उठून घरी निघालो. घराच्या पायरीशी मी तिला म्हणालो, "मी बघतो."

"सरी," ती म्हणाली. तिच्या त्या 'सरी'चा अर्थ 'बघू या काय करताय ते' असाही होत असे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चौकशी केली, तर बागेच्या नकाशात संडास दाखवलेला होता. बांधायचं तेवढं राहून गेलं होतं. पण नकाशा नीट पाहिला आणि माझं डोकं फिरलं. संडास दाखवला होता सगळ्यात खाली, पाण्याच्या अगदी कडेला, बांबूच्या बेटामागे, कुणाला दिसू नये म्हणून. त्याखाली एक शोषखड्डा, आणि खड्डा भरला तर जादा पाणी जायला एक नळ. नळाचं दुसरं तोंड तळ्यात.

मी नकाशा घेऊन आमच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हैसूरकडचे, कडक इस्त्रीचे, कपाळावर उभ्या गंधाचं नाम. बोलायचे इंग्रजी आणि कन्नड मिसळून, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'नोड्री', म्हणजे 'हे बघा', अशी करायचे.

"नोड्री," ते म्हणाले, "एवढं मोठं तळं. एका संडासानं त्याला काय होतंय?"

"सर, पावसाळ्यात तळं वर चढतं. तेव्हा तो खड्डा पाण्याखाली असेल. मग खड्ड्यातलं तळ्यात आणि तळ्यातलं खड्ड्यात. पलीकडे परीट कपडे धुतात. खालच्या वस्तीतल्या बायका त्याच काठावरच्या विहिरीतून पिण्याचं पाणी नेतात."

"मग बांधूच नका."

"बांधायचा, सर. पण वर. रस्त्याच्या बाजूला, फाटकाजवळ. तिथं जमीन उंच आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "फाटकाजवळ? बागेत शिरणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन संडासाचं?"

मी कागद ओढून घेऊन आकृती काढायला लागलो. सिमेंटची बंद टाकी, दोन कप्प्यांची. पहिल्या कप्प्यात गाळ खाली बसेल आणि तिथंच कुजत राहील. वरचं पाणी दुसऱ्या कप्प्यात जाईल, तिथं आणखी निवळेल. तिथून भाजलेल्या मातीच्या नळानं ते उतारावरच्या एका लांब वाफ्यात सोडायचं. वाफ्याच्या तळाला चिकणमाती थापलेली, वर खडी, त्यावर वाळू, आणि वाळूत कर्दळ आणि केळी दाट लावायच्या. त्यांना पाणी कितीही द्या, पितातच. तळ्यापर्यंत थेंब जायला नको. पंप नको, वीज नको, सगळं उतारानं होईल.

"आणि वास?"

"हवेची नळी उंच घेऊ, सर. गुलमोहराच्या वरपर्यंत."

साहेबांनी आकृती आपल्याकडे ओढून घेतली. असली टाकी आमच्याकडे बंगल्यांतून होती, पण सार्वजनिक बागेत कुणी बांधली नव्हती, आणि टाकीचं पाणी फुलझाडांना द्यायचं हे तर त्यांना विचित्रच वाटलं असणार. शेवटी म्हणाले, "करा. पण एकाही माणसानं तक्रार केली, तर टाकी बुजवून त्यावर तुम्हीच गुलाब लावायचे."

मला वाटलं, सुटलो. काम सुरू झालं. मेस्त्री तमिळ बोलणारा, धिप्पाड, मिशीवाला, आणि जन्मभर विटांचं काम केलेला. त्याचं माझं संभाषण अर्धं हातवाऱ्यांवर चालायचं. खड्डा खणून झाला, विटा येऊन पडल्या, आणि एका सकाळी मी कामावर गेलो तर खड्ड्याच्या काठावर परटांची अख्खी वस्ती बसलेली. बायका पुढे, पुरुष मागे. मेस्त्री हाताची घडी घालून बाजूला उभा.

त्यांच्यात एक वयस्कर परटीण होती. रुंद कुंकू, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. सगळी वस्ती तिच्याकडे बघूनच बोलायची. ती कन्नडमधून इतक्या जोरात बोलत होती की मला एवढंच कळलं, काम पुढे जाणार नाही.

मी जमेल तसं सांगून पाहिलं. टाकी, कप्पे, खडी, वाळू. ती ऐकून घेई आणि मान हलवी. शेवटी मी घरी गेलो आणि बायकोला घेऊन आलो. तिला तेव्हा सहावा महिना होता. ती खड्ड्याच्या काठावर, त्या बायकांच्या शेजारीच, मांडी घालून बसली. कुणीतरी तिच्या पाठीशी कपड्यांचं गाठोडं सरकवलं. त्या बराच वेळ बोलत होत्या. मध्येच हसल्या. मी आणि मेस्त्री दूर उभे राहून एकमेकांकडे बघत होतो.

मग बायकोनं मला बोलावलं. "या परटीण अक्का म्हणतात, संडास त्यांनाही हवाय. दिवसभर घाटावर उभ्या असतात, त्यांचेही तेच हाल. पण घाण पाणी तळ्यात आलं तर कपडे कोण देणार त्यांच्याकडे धुवायला? साहेब लोक सांगतात एक आणि बांधतात दुसरं, म्हणतात."

"मग मी काय करू म्हणजे त्यांचा विश्वास बसेल?"

बायकोनं विचारलं. परटिणीनं कमरेला खोचलेली पुरचुंडी काढून माझ्यापुढे धरली. आत नीळ होती, पांढऱ्या कपड्यांना देतात ती.

"टाकी झाली की त्यात नीळ घाला, म्हणतात. भरपूर. आणि टाकीच्या खालच्या अंगाला एक खड्डा खणून ठेवा. त्यात निळं पाणी आलं तर टाकी फोडायची."

खड्ड्यात निळं पाणी पाहायचं ही परीक्षा मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती, पण तिच्यात चूक काढायला जागाच नव्हती. मी सगळ्यांसमोर कबूल केलं. लोक उठले. मेस्त्रीनं मिशीवर ताव दिला आणि थापी हातात घेतली.

टाकी उभी राहिली. आतून गिलावा झाला. मध्येच उगादी, म्हणजे आपला पाडवा, आली, माणसं गावाला गेली, आणि कोवळ्या सिमेंटवर पाणी मारायला कुणी उरलं नाही. सण संपवून सगळे परतले तेव्हा टाकी वरून तरी धडधाकट दिसत होती. आम्ही ती काठोकाठ भरली. परटीण वस्तीतल्या बायकांना घेऊन आली आणि तिनं स्वतःच्या हातानं नीळ कालवली. टाकीतलं पाणी असं निळं झालं की त्यात आभाळ वेगळं दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात निळसर ओल होती.

कुणी आरडाओरडा केला नाही. तेच मला जास्त लागलं. परटीण वाकून बघत होती, बोट लावून बघत होती. मेस्त्रीचा चेहरा उतरला. मला साहेबांचे गुलाब दिसायला लागले. तोंडावर पावसाळा होता आणि आता टाकी फोडली तर हे काम पुन्हा कुणी हातात घेणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी परटिणीपुढे उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "तुमची परीक्षा खरी आहे. टाकी गळते. ठरल्याप्रमाणे फोडा म्हणालात तर फोडतो. पण एकदा दुरुस्त करू द्या. आणि पुन्हा नीळ तुम्हीच घाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मेस्त्रीकडे. म्हणाली, "गळती तुम्ही लपवली नाहीत. करा."

टाकी उपसली. मेस्त्री आणि मी दोघंही आत उतरलो आणि कंदील धरून भिंती तपासल्या. तळ आणि भिंत जिथं मिळतात तिथं केसासारखी भेग होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उन्हात वाळलेल्या गिलाव्यानं तिथं अंग सोडलं होतं. मेस्त्रीनं तो सगळा कोपरा खरवडून काढला. काटकोन ठेवायचाच नाही, असं आम्ही ठरवलं. वाटीच्या बुडासारखी गोलाई दिली, त्यावर निव्वळ सिमेंटचा हात फिरवला, आणि या खेपेला ओली पोती टाकीत अंथरून ठेवली. त्या पोत्यांवर पाणी मारायला परटांच्या बायका घाटावर जाता-येता घागरी रिकाम्या करून जायच्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीनं सुरुवात केली आणि मग तो रिवाजच झाला.

दुसऱ्यांदा नीळ घातली तेव्हा गर्दी पहिल्यापेक्षा मोठी होती. बागेतले वर्तमानपत्रवालेही बाकं सोडून आले. शेंगावाल्यानं टोपली तिथंच मांडली. मी पाण्याच्या पातळीशी टाकीच्या भिंतीवर खूण केली आणि उन्हानं पाणी आटू नये म्हणून टाकी फळ्यांनी झाकली. सकाळी खड्डा कोरडा. संध्याकाळी कोरडा. आठवड्यानंतर मेस्त्रीनं खड्ड्यात उतरून मूठभर माती वर आणली आणि सगळ्यांसमोर फुंकर मारली, तर ती उडाली. टाकीतलं पाणी खुणेला चिकटून होतं.

परटीण पुढे आली, मेस्त्रीच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. मेस्त्री लहान मुलासारखा लाजला. ती तमिळ बोलते हे मला त्या दिवशी कळलं.

टाकीपाशी संडासाची इमारत उभी राहिली, खाली वाफाही झाला, आणि पावसाळा आला तो धोधो. तळं इतकं चढलं की बांबूचं बेट गुडघाभर पाण्यात उभं राहिलं. जुन्या नकाशातला संडास असता तर तो तिथंच बुडाला असता. साहेब छत्री घेऊन स्वतः बघायला आले. पाण्यातल्या त्या बांबूंकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग वर फाटकाशी कोरड्या उभ्या असलेल्या आमच्या इमारतीकडे. "नोड्री," एवढंच म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगी त्याच पावसाळ्यात झाली. बाळंतिणीला बागेत जाता येत नव्हतं, पण बातम्या घरी येत. शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी येऊन सांगायच्या. आज बागेत मुलींच्या शाळेची सहल आली, डबे खाल्ले, दिवसभर राहिल्या. आज कुणाची तरी आजी दिवे लागेपर्यंत बाकावर बसून होती. एकदा त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "बायकांनी बाकं अडवली हो सगळी. पुरुष उभे." बायको पाळणा हलवता हलवता हसली. मी तिथंच बसून ऐकत होतो आणि मला असं वाटत होतं की एखादा पूल बांधला असता तरी इतकं बरं वाटलं नसतं.

वाफ्यातली कर्दळ माजली होती. तांबडी आणि पिवळी फुलं इतकी की फाटकातून शिरणारा माणूस आधी तिकडेच बघायचा आणि मागची इमारत कसली आहे हे त्याला विचारावं लागायचं. केळी तर आमच्या डोक्यावर गेल्या. पण घड धरले तेव्हा पंचाईत झाली. माळी ते तोडेना, तोडले तर कुणी घेईना. पाणी कुठलं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

अशात एक दिवस साहेब शहरातल्या बड्या अधिकाऱ्यांना घेऊन बाग दाखवायला आले. मी काचेच्या दोन बरण्या तयार ठेवल्या होत्या. एकीत टाकीतून बाहेर पडणारं पाणी, गढूळ, पिवळट. दुसरीत वाफ्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, मुद्दाम ठेवलेल्या नळीतून झिरपलेलं पाणी. ते स्वच्छ होतं. पिण्याजोगं नव्हे, तसं मी स्पष्ट सांगितलंही. पण त्यातून पलीकडचं तळं दिसत होतं. पाहुण्यांनी बरण्या उन्हात धरल्या, नाकाजवळ नेल्या, पुन्हा धरल्या. एकानं शंका काढली, "पण या झाडांचं फळ तरी कुणी खाईल का?"

मी काही बोलण्याआधीच साहेब वाफ्यापाशी गेले. माळ्यानं पिकलेला घड उतरवून ठेवला होता. त्यातलं एक केळं त्यांनी तोडलं, सावकाश सोललं आणि सगळ्यांच्या देखत खाल्लं. कपाळावर नाम, कडक इस्त्री, हातात केळ्याची साल. मग रुमालानं बोटं पुसत म्हणाले, "नोड्री, गोड आहे."

त्यानंतर घड पुरले नाहीत. पहिला वाटा परटांच्या वस्तीला जायचा, तो माळ्यानं आपणच ठरवून टाकला होता.

तक्रार एकच आली, आणि ती साहेबांनी मला हसत हसत वाचून दाखवली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांनी लिहिलं होतं की आमच्या तळ्यावर अशी सोय का नाही. मग खात्यानं ठरवलं की तळ्याकाठच्या प्रत्येक बागेत आधी टाकी आणि वाफा, नंतर बाकं. मला नवीन हुद्दा मिळाला. पुलांच्या कामावर जायला आवडेल का, असंही साहेबांनी विचारलं. मी नको म्हणालो. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

पुढचं काम होसकोटेला निघालं. तिथल्या तळ्याच्या बांधाखाली नवी बाग व्हायची होती. मेस्त्री आणि मी सकाळच्या बसनं निघालो, टपावर त्याची अवजारं बांधलेली. वाटेत मी त्याला समजावत होतो की नवं गाव आहे, लोक आधी विरोध करतील, आपण घाई करायची नाही, सगळं शांतपणे पटवून द्यायचं. तो मान डोलावत होता.

बसमधून उतरलो तर तळ्याच्या वाटेवर बायकांचा घोळका उभा. पुढची बाई आम्हाला बघून झपाझप चालायला लागली. मी तिच्यामागे गेलो. बागेच्या वरच्या अंगाला, जिथं जमीन सगळ्यात उंच होती, तिथं तिनं बोट दाखवलं. आमच्या तळ्याची गोष्ट आमच्या आधीच तिथं पोचली होती; त्यांनी जागा निवडून, दोरी धरून, खड्डा कमरेइतका खणूनही ठेवला होता. मेस्त्रीनं आत उडी मारली, कडेच्या मातीवर हात फिरवला आणि वर बघून मोठ्यानं हसला. मी चपला काढल्या आणि त्याच्यामागोमाग खाली उतरलो.